नोटा तपासायचा दिवा

आमच्या डे-केअर वॉर्डात किमोची औषधं मिसळायचं टेबल खिडकीपाशी होतं. उजेड चांगला यायचा, वारा यायचा, खाली गुलमोहर दिसायचा. डोक्यावर पंखा. सकाळी साडेआठला मी तिथं बसायचे. हातात लेटेक्सच्या ग्लोव्हजची एक जोडी, तोंडाला निळा सर्जिकल मास्क. दुपारी एकपर्यंत वीस-बावीस सलाईनं तयार व्हायची. 2011 साली बेळगावातल्या या हॉस्पिटलला लागले तेव्हापासून हेच. शिकवलं कुणी? माझ्या आधीच्या सिस्टरनी. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी.

दुपारी डबा उघडला की तोंडाला कळकलेली चव यायची. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की येते तशी. डोकं जड व्हायचं. सकाळी उपाशीपोटी निघतेस म्हणून होतं, असं सासूबाई म्हणायच्या आणि मलाही ते पटायचं. ती चव औषधाची होती की पित्ताची, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

2015 साली लॅबनं टाकून दिलेलं एक लॅमिनार फ्लो, म्हणजे फिल्टरच्या स्वच्छ हवेत काम करायचं यंत्र, आमच्याकडं आलं. काचेचं, स्टीलचं, आत ट्यूबलाइट. आम्ही नारळ फोडला. दर खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घालायचो. आता आपण मोठ्या शहरातल्यासारखं काम करतो, अशी सगळ्यांची समजूत.

खानापूरकडची एक फार्मासिस्ट मुंबईत कॅन्सरच्या वॉर्डात चार वर्षं काढून 2017 मध्ये आमच्याकडं रुजू झाली. पहिल्याच दिवशी ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. टिश्यू पेपरची एक पट्टी फाडून तिनं त्या लॅमिनारच्या तोंडाशी धरली. पट्टी माझ्याकडं फडफडायला लागली.

"सिस्टर, वारा कुणाकडं येतोय?"

आडव्या वाऱ्याचं यंत्र होतं ते. मागच्या फिल्टरमधून स्वच्छ हवा येते, बाटलीवरून जाते आणि समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर आदळते. साध्या सलाईनसाठी ठीक, कारण तिथं जंतूंपासून औषध वाचवायचं असतं. किमोत औषधापासून माणूसही वाचवायचा असतो. दोन वर्षं आम्ही ज्याला हार घातला ते यंत्र बाटलीतून उडालेला प्रत्येक बारीक कण उचलून माझ्या नाकापर्यंत आणून देत होतं. खिडकीजवळचं जुनं टेबल त्याच्यापेक्षा बरं होतं म्हणायचं!

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिला मी तो प्रश्न विचारला, जो आजही पेशंटचे नातेवाईक मला विचारतात. औषध पेशंटला बरं करतं, मग आपल्याला काय करणार? तिनं चहा बाजूला ठेवला आणि युद्धातली गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड गॅस वापरला गेला. 1942 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात त्याच घराण्यातलं नायट्रोजन मस्टर्ड कॅन्सरच्या पेशंटला पहिल्यांदा टोचलं. पुढच्या वर्षी, 2 डिसेंबर 1943 ला, इटलीतल्या बारी बंदरावर बॉम्ब पडले. तिथल्या एका अमेरिकन जहाजात मस्टर्डचे बॉम्ब होते. ज्यांच्या अंगावर ते आलं त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. भराभर वाढणाऱ्या पेशी हे औषध मारतं, म्हणून कॅन्सरवर चालतं. "आपण रोज मिसळतो ते सायक्लोफॉस्फामाइड त्याच कुळातलं," ती म्हणाली. "पेशंटच्या अंगात रोग आहे, म्हणून तो ही जोखीम घेतो. तुमच्या अंगात रोग नाही. तुमच्या वाट्याला फक्त जोखीम येते."

फिनलंडमधल्या नर्सेसचंही तिनं सांगितलं. ही औषधं हाताळणाऱ्या नर्सेसच्या लघवीत जनुकांमध्ये बदल घडवणारे अंश सापडल्याचं 1979 मध्येच छापून आलं होतं. 1985 मध्ये तिथलाच दुसरा अभ्यास आला, गर्भपातांबद्दलचा. कामाच्या जागी होणाऱ्या धोक्यांवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश या संस्थेनं 2004 मध्ये सगळ्या हॉस्पिटलांना सावधगिरीची सूचना काढली. मी त्यानंतर सात वर्षांनी नोकरीला लागले, आणि मला कळलं 2017 मध्ये, कॅन्टीनमध्ये, तेसुद्धा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलीकडून.

ऐकलं, भीतीही वाटली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत तसंच काम सुरू झालं. जे दिसत नाही त्याची भीती रात्रीपुरतीच टिकते.

मग तिला एक युक्ती सुचली. डोळ्यांच्या विभागात पडद्याच्या तपासणीसाठी फ्लुरोसिनची इंजेक्शनं असतात. तो रंग अतिनील दिव्याखाली पिवळट हिरवा चमकतो. रंग मिळाला, दिव्याचं काय? माझे मिस्टर शहापुरातल्या एका पतसंस्थेत कॅशियर. नोटबंदीनंतर त्यांच्याकडं खोट्या नोटा ओळखायचा छोटा जांभळा दिवा घेतलेला होता. शनिवारी संध्याकाळी तो मी पर्समध्ये घालून आणला. मिस्टर म्हणाले, सोमवारी सकाळी काउंटरला पाहिजे, हरवू नको.

रिकाम्या बाटल्यांत रंगाचं पाणी भरलं. "रोज करतेस तसंच कर," फार्मासिस्ट म्हणाली, "जास्त शहाणपणा करू नको." मी दहा सलाईनं मिसळली. मधे फोन आला तो घेतला, फायलीवर सही केली, फ्रिज उघडला. सफाईच्या मावशी नेहमीप्रमाणं मधेच येऊन टेबल पुसून गेल्या. दहाही सलाईनं खुर्च्यांपाशी नेऊन टांगली, नळ्या भरून घेतल्या. मग खिडक्यांना चादरी लावल्या आणि लाइट बंद केले.

पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा सगळंच पेटलं. माझा युनिफॉर्म, टोपी, चादरी, सगळं निळं लख्ख. मी ओरडलेच. फार्मासिस्ट हसायला लागली. कपड्यांना घालतो त्या टिनोपालची ती करामत. "निळं सोड. हिरवं बघ."

हिरवं टेबलावर होतं. उंबऱ्यावर कुणी रांगोळी सांडावी तसे बारीक ठिपके, माझ्या उजव्या हाताच्या बाजूनं जास्त. बाटलीतून सुई काढताना दरवेळी तिथं फवारा उडत होता आणि सहा वर्षांत मला तो दिसला नव्हता. मास्कच्या बाहेरच्या बाजूला ठिपके. ग्लोव्हज आणि बाही यांच्यामधल्या उघड्या मनगटावर एक लांब ओघळ. पेन. फोनचा रिसीव्हर. फ्रिजची मूठ. फायलीचा कोपरा, आणि ती फाइल तर पुढं बिलिंगला जाते. सलाईनची नळी भरताना जिथं थेंब सोडतो त्या बादलीभोवती चकाकणारं तळं.

मग जेवणाच्या टेबलावर दिवा नेला. तिथं मी गेलेच नव्हते. तरी हिरवे अर्धगोल होते, एकावर एक, अगदी फडक्यानं पुसल्यासारखे.

मावशी दारात उभ्या होत्या. फार्मासिस्टनं त्यांना जवळ बोलावलं आणि हातावर दिवा धरला. दोन्ही पंजे मनगटापर्यंत हिरवे. हिरव्या बांगड्यांच्या खाली, नखांच्या कडेला, सगळीकडं. मावशी कितीतरी वेळ हाताकडं बघत राहिल्या.

"अगं बाई, हे कुठनं आलं? मी तर औषधाला हातबी लावलो नाही."

(आमच्याकडं बायका 'लावलो', 'आलो' म्हणतात. पुण्याकडच्या वाचकांनी दुरुस्त करू नये.)

मिसळायच्या टेबलावर फिरवलेलं फडकं त्यांनी बादलीत पिळलं होतं. त्याच फडक्यानं खुर्च्यांचे हात, दाराची कडी आणि आमचं जेवणाचं टेबल पुसलं होतं. आम्हा नर्सेसना निदान एक जोडी ग्लोव्हज होते. मावशींना काहीच नव्हतं. त्या ठेकेदाराच्या माणूस. हॉस्पिटलच्या यादीत त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

सोमवारी मोबाइलमधले फोटो वरिष्ठांना दाखवले. "हा रंग आहे, औषध नव्हे," साहेब म्हणाले. चूक नव्हतं त्यांचं. पण फार्मासिस्ट हट्टी. पुढच्या शनिवारी तिनं साहेबांनाच सिरिंज दिली. त्यांनी ऑपरेशन थिएटरमधल्या हातसफाईनं तीन बाटल्या मिसळल्या आणि मग त्यांच्याच घड्याळाच्या पट्ट्यावर हिरवं निघालं. घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, परत उचलायला हात गेला, मधेच थांबला. किमो मिसळायचं खास यंत्र असतं, त्याला कॅबिनेट म्हणतात. त्याच्या मागणीवर सही त्याच आठवड्यात झाली.

सही झाली म्हणजे वस्तू आली असं नाही. अकरा महिने गेले. पेशंट मात्र थांबत नाहीत. खानापूरच्या जंगलातून, चंदगडहून, गडहिंग्लजहून, पहाटेच्या गाडीनं लोक येतात. किमोचं एकवीस दिवसांचं चक्र चुकवता येत नाही. तेव्हा त्या अकरा महिन्यांत बिनपैशाचं जे करता आलं तेच आधी सांगते, कारण सीमाभागातल्या छोट्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी जणी आज त्याच अवस्थेत असतील.

लॅमिनार लगेच बंद करून परत पाठवलं. पंखा बंद. मिसळायची खोली वेगळी, दार लावून, आत एकच माणूस. त्या खोलीत डबा, पाणी, फोन, लिपस्टिक, काही नाही. टेबलावर खालून प्लास्टिक असलेला शोषक कागद. ग्लोव्हज दोन जोड्या, पावडर नसलेले नायट्राइलचे. आतली जोडी गाऊनच्या बाहीखाली, बाहेरची बाहीवर, म्हणजे मनगट उघडं राहत नाही. अर्ध्या तासानं बदलायचे, फाटले नसले तरी. औषधाचा खोका उघडतानाही ग्लोव्हज, कारण बंद बाटलीच्या बाहेरही औषधाचे अंश असतात. हे मला सगळ्यात नवीन होतं. आम्ही तर त्या बाटल्या खिशात घालून फिरायचो.

हात धुवायला साबण आणि पाणी. सॅनिटायझरनं जंतू मरतात, औषध मरत नाही, ते नुसतं सगळीकडं पसरतं. सर्जिकल मास्कही या कामाला निरुपयोगी. एन-95 कण अडवतो, वाफ अडवत नाही, तरी त्यातल्या त्यात बरा.

हाताची सवय बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पूर्वी बाटलीत पाणी घातलं की आतली हवा दाबून ठेवायचे, औषध भरकन सिरिंजमध्ये यायचं. तो दाबच सुई काढताना फवारा करायचा. आता घालायच्या पाण्यापेक्षा हवा जास्त ओढून घ्यायची, म्हणजे बाटलीत दाब कमी राहतो आणि थेंब बाहेर यायच्या ऐवजी आत खेचला जातो. सिरिंज फिरवून घट्ट बसणारी घ्यायची आणि पाऊण भागापेक्षा जास्त भरायची नाही, नाहीतर दांडा निसटतो. सलाईनची नळी आधी साध्या सलाईननंच भरायची, औषध त्यानंतर. संपल्यावर पिशवी आणि नळी वेगळी करायची नाही, दोन्ही एकत्र किमोच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. हे सगळं वाचायला दोन मिनिटं लागतात. माझ्या हातात बसायला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत रोज माझं काम दीड तास उशिरा संपायचं. नातेवाईक दार वाजवायचे. एका गृहस्थांनी तर "सिस्टर झोपल्या काय?" म्हणून तक्रार केली.

कॅबिनेट 2018 च्या एप्रिलमध्ये आलं. क्लास दोन, टाइप बी-दोन. याच्यात हवा समोरून आत ओढली जाते, वरून फिल्टर झालेली हवा खाली येते आणि सगळीच्या सगळी परत फिल्टरमधून छताबाहेर जाते, खोलीत परत येत नाही. बसवणाऱ्यांनी धुराड्याचं तोंड आधी काढलं ते नेमकं मेसच्या खिडकीच्या वर! फार्मासिस्टनं काम थांबवलं. नळ गच्चीवर नेईपर्यंत आणखी तीन आठवडे. मग बेंगळुरूचा तंत्रज्ञ आला, त्यानं धुराची कांडी पेटवून तोंडाशी धरली. धूर सरळ आत गेला. मला ती टिश्यूची पट्टी आठवली.

त्या यंत्राचेही नखरे आहेत. समोरच्या जाळीवर कोपर टेकवला की हवेचा पडदा तुटतो. हात आडवे फिरवायचे नाहीत, सरळ आत, सरळ बाहेर. लाइट गेली की जनरेटर लागेपर्यंत हात जागच्या जागी थांबवायचे, बाटली झाकायची. आणि एप्रिलमध्ये बंद गाऊन, दोन ग्लोव्हज, चष्मा, मास्क घालून बसलं की घामानं आतून आंघोळ होते. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मावशी हार घेऊन आल्या. फार्मासिस्टनं हात जोडून सांगितलं, यंत्रावर काही ठेवायचं नाही. मावशींनी भिंतीला खिळा ठोकून तिथं एक झेंडू अडकवला.

आता त्या गोष्टीकडं येते जी कुठल्याच यंत्रानं सुटत नव्हती. आपल्याकडं दिवस राहिले की तीन महिने कुणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते म्हणतात. आणि गर्भाला या औषधांचा धोका सगळ्यात जास्त असतो तो याच पहिल्या तीन महिन्यांत. मी स्वतः माझ्या मुलीच्या वेळी पाचव्या महिन्यापर्यंत त्या खिडकीपाशी बसून मिसळत होते. मुलगी ठणठणीत आहे, देवाची कृपा. पण वडगावची एक सिस्टर, नवीन लग्न झालेली, 2016 मध्ये अचानक पंधरा दिवस रजेवर गेली. परत आल्यावर कुणीतरी हळूच सांगितलं, तिसऱ्या महिन्यात गेलं. का गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही. गर्भपाताला शंभर कारणं असतात. पण ती त्या दोन महिन्यांत रोज माझ्या शेजारी बसून मिसळत होती आणि आम्हा दोघींनाही तिला तिथून उठवायला हवं होतं हे माहीत नव्हतं.

नियम सगळीकडं लिहिलेला असतो: गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मूल हवं असलेल्या कर्मचाऱ्यांना दुसरं काम द्यावं. पण सांगणार कोण? इन्चार्जला सांगितलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या हॉस्पिटलला पेढे हवे असतात. म्हणून आम्ही एक साधी सोय केली. ड्यूटीच्या वहीत नावापुढं फुली मारली की त्या महिन्यात मिसळायची ड्यूटी नाही. कारण विचारायचं नाही. आणि नुसत्या बायकांनीच फुली मारली तर अर्थ कळणारच, म्हणून वॉर्डातले दोन ब्रदरही अधूनमधून फुली मारतात. त्यातल्या एकाचं लग्नसुद्धा झालेलं नाही. पहिल्यांदा फुली मारली तेव्हा त्याची जी चेष्टा झाली ती विचारू नका. पण ते बरंच झालं, त्या हसण्यात बाकीच्या फुल्या झाकल्या गेल्या.

मावशींचं प्रकरण वेगळं. नर्सेसना फोटो दाखवून पटलं. मावशींना हात हिरवा झालेला दिसला होता, तरी एक शंका होतीच: औषध लागलं तर लागलं, धुतलं की गेलं, आत कसं जाईल? मला काही केल्या सांगता येईना. शेवटी त्यांनीच उत्तर दिलं. त्यांचं माहेर निपाणीकडं. लहानपणी तंबाखूच्या शेतात जायच्या. पहाटेच्या दहिवरात ओली पानं खुडली की दुपारपर्यंत घेरी यायची, उलट्या व्हायच्या. "आमी तंबाखू खात न्हवतो की. तरीबी लागायची. हातातनंच आत जायाची." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्हंजे ह्येबी तसंच म्हणा की." त्यानंतर नवीन सफाई कामगारांना मी काही शिकवत नाही. मावशीच शिकवतात, तंबाखूपासून सुरुवात करून.

त्यांचा धोका टेबलापेक्षा संडासात जास्त. किमो झाल्यावर साधारण 48 तास पेशंटच्या लघवीत, उलटीत, घामात औषध येत राहतं. बेडपॅन उचलणाऱ्याला, चादर बदलणाऱ्याला दोन जोड्या ग्लोव्हज आणि गाऊन हवाच. पुस्तकात लिहितात, झाकण लावून दोनदा फ्लश करा. आमचे दोन संडास भारतीय पद्धतीचे, त्यांना कुठलं झाकण? मावशींनी उपाय काढला: लांबून बादली फेकायची नाही, तांब्यानं कडेनं हळू पाणी सोडायचं, दोनदा. फडकं एकदाच वापरून पिवळ्या पिशवीत. बादली वेगळी, तिला लाल दोरी बांधलेली. कर्नाटकातल्याच काय, देशातल्या कुठल्याही हॉस्पिटलला लागू असलेला 2016 चा जैववैद्यकीय कचऱ्याचा नियम इथं कामाला आला. त्यात किमोचा कचरा वेगळ्या खुणेच्या पिवळ्या पिशवीत घालून 1200 अंशांच्या वर जाळायला सांगितलंय. रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा, ज्या आम्ही आधी इतर काचेबरोबर निळ्या डब्यात टाकायचो. आणि त्याच नियमात हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तरी तपासणी करायला सांगितलंय. तो कागद घेऊन आम्ही ठेकेदारापुढं गेलो. मावशींच्या आयुष्यातली पहिली रक्ततपासणी तेव्हा झाली. हिमोग्लोबिन आठ निघालं. त्याचा किमोशी संबंध नसेल, बाईच्या जन्माशी असेल, पण निदान कळलं.

पाटी लावायची वेळ आली तेव्हा मजा झाली. कंपनीची पाटी इंग्रजीत, ती मावशींनाही वाचता येत नाही आणि त्यांच्या जोडीदारीण अक्कांनाही नाही. अक्का कन्नड. आमच्या गावात कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रदरनं वर मोठ्ठा हाताचा पंजा काढला, त्यावर फुली. खाली कन्नडमध्ये 'मुट्टबेडी', मराठीत 'हात लावू नका'. गंमत म्हणजे अक्का आता मराठी पेशंटनासुद्धा "मुट्टबेडी!" म्हणून ओरडतात आणि तेही ऐकतात.

एकदा खरंच सांडलं. 2019 चा पावसाळा, मोठी सर चालू. नातेवाईकाच्या ओल्या छत्रीचा दांडा सलाईनच्या स्टँडला अडकला, स्टँड आडवा झाला, पिशवीतून नळी निसटली. डॉक्सोरुबिसिन नावाचं किमोचं औषध, लाल भडक. फरशीवर कुंकवाचं पाणी सांडल्यासारखं. दहा पावलांवर नवीन सफाई कामगार पोछा घेऊन धावला. मावशींनी त्याची कॉलर पकडली, अक्षरशः. "थांब! पेशंटना बाजूला घे." सांडण्याची बादली म्हणून आम्ही एक निळी बादली भरून ठेवली होती: गाऊन, ग्लोव्हज, चष्मा, मास्क, शोषक कागद, पुठ्ठ्याचं सुपलं, पिवळ्या पिशव्या, साबणाचं पाणी. मी गाऊन चढवला. कडेनं कागद टाकत मध्याकडं गेले, उलट केलं तर डाग पसरतो. मग साबणाच्या पाण्यानं तीनदा, नंतर साध्या पाण्यानं. पंचवीस मिनिटं लागली. वहीत नोंद केली: कोण जवळ होतं, कुणाच्या पायाला लागलं. छत्रीवाल्या काकांची चप्पलसुद्धा पिवळ्या पिशवीत गेली. ते अनवाणी घरी गेले, रागावून. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा मावशींनी त्यांना मारुती गल्लीतून आणलेली रबरी स्लिपर दिली, स्वतःच्या पैशांनी. मला ते नंतर कळलं.

लाल होतं म्हणून दिसलं. बाकीची बहुतेक औषधं पाण्यासारखी असतात. म्हणून दिवा आम्ही सोडला नाही. पतसंस्थेचा परत केला, पण मिस्टरांनी खडेबाजारातून तसलाच एक आणून दिला. दर सहा महिन्यांनी एका शनिवारी रंगाची तालीम होते. किती थेंबांपर्यंत चालतं अशी रेषा या औषधांसाठी कुणी आखलेली नाही, त्यामुळं आम्हाला फक्त एवढंच मोजता येतं: मागच्या वेळी किती ठिकाणी हिरवं होतं, आणि आता किती.

मागच्या तालमीला नवीन आलेल्या दोन मुली होत्या, अक्का होत्या, मावशी होत्या. मावशींची निवृत्ती जवळ आलीय, पण दिवा अजून त्यांच्याच हातात असतो. टेबल स्वच्छ. कड्या स्वच्छ. जेवणाचं टेबल स्वच्छ. नवीन मुलींच्या बाहीवर एकेक ठिपका, त्या हिरमुसल्या. मावशी फिरत फिरत माझ्यापाशी आल्या.

"सिस्टर, हात दावा."

हात स्वच्छ होते. त्यांनी दिवा खाली नेला, माझ्या खिशाकडं. पेनाच्या टोपणावर हिरवी रेघ, बोटाच्या रुंदीची.

कुणी काही बोललं नाही. मी पेन काढलं, पिवळ्या पिशवीत टाकलं. अक्कांनी वही पुढं केली आणि नोंद लिहायला मावशींनी आपल्या पदराच्या टोकाला बांधलेलं पेन मला सोडून दिलं, आधी त्याच्यावर दिवा मारून.